लेथ, संगणक-नियंत्रित : स्पिंडलच्या वेगाचे नियंत्रण व आटे कापणे

फिरत्या दंडगोलाकार कामाच्या बाहेरील किंवा आतील पृष्ठावर ठराविक अंतरालाची मळसूत्री खाच कापण्याच्या क्रियेला आटे कापणे असे म्हणतात. यासाठी दोन गतींचा मेळ घालावा लागतो. एक गती म्हणजे काम धरून ठेवणाऱ्या मुख्य दंडाचे फिरणे. या दंडाला मराठीत तर्कू आणि कारखान्यात स्पिंडल म्हणतात. दुसरी गती म्हणजे हत्याराचे कामाच्या अक्षाला समांतर सरकणे. स्पिंडलच्या एका फेऱ्यात हत्यार नेमके एका अंतरालाएवढे सरकले, तरच आटा बरोबर उतरतो. साध्या लेथमध्ये या दोन गती दंतचक्रांच्या साखळीने एकमेकींना बांधलेल्या असतात. संगणक-नियंत्रित लेथमध्ये असा यांत्रिक दुवा नसतो. त्याची जागा विद्युत् स्पंद व गणित यांनी घेतलेली असते. हा अदृश्य दुवा कसा राखला जातो, स्पिंडलचा वेग कसा ठरविला व सांभाळला जातो आणि या बाबतीत चूक झाल्यास काय घडते, यांचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

ऐतिहासिक आढावा : अचूक स्क्रू कापण्याचे प्रयत्न अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जेसी रॅम्झडेन यांनी केले. पुढे हेन्री मॉड्झली यांनी सु. १८०० मध्ये सरकते हत्यारधर, लीड स्क्रू व बदलती दंतचक्रे यांची सांगड घालणारा लेथ तयार केला. त्यामुळे एकाच लीड स्क्रूपासून निरनिराळ्या अंतरालांचे आटे कापता येऊ लागले. आट्यांच्या मापांत एकसूत्रीपणा आणण्याची सूचना जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडली. त्यांच्या आट्याचा कोन ५५° होता. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६०° कोनाचा आटा सुचविला. आजच्या आंतरराष्ट्रीय मेट्रिक आट्याचा कोनही ६०° आहे. एका कारखान्यात केलेला बोल्ट दुसऱ्या देशात केलेल्या नटात बसला पाहिजे ही अपेक्षा आज स्वाभाविक वाटते. तिच्या मुळाशी मॉड्झली यांचा लेथ आणि नंतरची ही मानके आहेत.

संख्यात्मक नियंत्रणाचा उगम मात्र आट्यांत नसून हेलिकॉप्टरच्या पात्यांत आहे. अमेरिकेतील जॉन पार्सन्स यांनी पात्यांचे वक्र आकार गणिताने मिळालेल्या बिंदूंवरून कापण्याची कल्पना मांडली. तिला अमेरिकी हवाई दलाने १९४९ मध्ये आर्थिक पाठबळ दिले. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेत १९५२ साली छिद्रित पट्टीवरील आज्ञांनुसार चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. १९७० नंतर सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त झाले आणि प्रत्येक यंत्राला स्वतःचा संगणक देणे शक्य झाले. आज्ञांच्या सांकेतिक भाषेचे आंतरराष्ट्रीय मानक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. जी व एम या अक्षरांनी सुरू होणाऱ्या या आज्ञा आजही वापरात आहेत, परंतु निरनिराळ्या उत्पादकांच्या प्रणालींत त्यांचे अर्थ थोडेफार भिन्न असतात.

कर्तन वेग व स्पिंडलचा वेग : कापताना कामाचा पृष्ठभाग हत्याराच्या धारेवरून ज्या वेगाने जातो त्याला कर्तन वेग म्हणतात. तो मीटर प्रतिमिनिट या एककात देतात. स्पिंडलचा वेग फेरे प्रतिमिनिट (फे./मि.) या एककात देतात. व्यास मिलिमीटरमध्ये घेतल्यास दोहोंतील संबंध पुढीलप्रमाणे आहे : कर्तन वेग = ३·१४ × व्यास × फेरे ÷ १,०००. हत्यार व काम यांच्या धातूंनुसार योग्य कर्तन वेग ठरतो. तो फार कमी असल्यास पृष्ठ खडबडीत होते व वेळ वाया जातो, तर फार जास्त असल्यास धार तापून लवकर बोथट होते.

कामाचे तोंड सपाट करताना हत्यार परिघाकडून मध्याकडे सरकते व कापला जाणारा व्यास सतत घटत जातो. स्पिंडलचे फेरे तेच ठेवल्यास कर्तन वेगही घटत जातो आणि मध्यावर तो शून्य होतो. त्यामुळे बाहेरची बाजू गुळगुळीत व मधला भाग ओबडधोबड असे पृष्ठ मिळते. हा दोष टाळण्यासाठी संगणक हत्याराच्या प्रत्येक स्थितीला व्यास पाहून स्पिंडलचे फेरे वाढवीत नेतो. या पद्धतीला स्थिर पृष्ठवेग पद्धती म्हणतात. ती जी ९६ या आज्ञेने सुरू होते, तर जी ९७ या आज्ञेने फेऱ्यांची संख्या पुन्हा स्थिर केली जाते.

उदा., कर्तन वेग १२० मी./मि. ठरविला असेल, तर ८० मिमी. व्यासाला सु. ४७७ फे./मि., २० मिमी. व्यासाला सु. १,९१० फे./मि. आणि ५ मिमी. व्यासाला सु. ७,६४० फे./मि. एवढा वेग लागेल. व्यास शून्याकडे जाताना सूत्रानुसार वेग अमर्याद वाढतो. म्हणून स्थिर पृष्ठवेग पद्धती वापरताना फेऱ्यांची कमाल मर्यादा आज्ञावलीतच लिहावी लागते. काही प्रणालींत ती जी ५० या आज्ञेने, काहींत जी ९२ ने, तर काहींत जी ९६ च्याच ओळीत डी या अक्षरापुढे देतात. ही एक ओळ विसरणे ही लेथवरील अतिशय धोक्याची चूक आहे. केंद्रोत्सारी प्रेरणा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाल्यास ती चौपट होते. चकचे जबडे काम बाहेरून धरीत असल्यास ही प्रेरणा जबड्यांना बाहेर ओढते व त्यांची पकड सैल करते. पकड सुटलेले काम अंगावर येऊ शकते. त्यामुळे मर्यादा ठरविताना यंत्राची क्षमता पुरेशी नसते. चकवर कोरलेला कमाल वेग, कामाचे वजन व त्याचा असमतोल यांपैकी जे सर्वांत कमी वेग सुचवील तेच प्रमाण मानावे लागते.

स्पिंडलचे चालन : जुन्या लेथमध्ये पायऱ्यांच्या कप्प्या व दंतचक्रपेटी यांच्या साहाय्याने मोजकेच वेग मिळत. संगणक-नियंत्रित लेथला शून्यापासून कमाल मर्यादेपर्यंत कोणताही वेग लागतो. त्यासाठी प्रथम एकदिश विद्युत् चलित्रे वापरीत. पुढे त्यांची जागा मुख्यत्वे प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहावर चालणाऱ्या प्रवर्तन चलित्रांनी घेतली. अशा चलित्राचा समकालिक वेग १२० × कंप्रता ÷ ध्रुवसंख्या एवढा असतो. चार ध्रुवांच्या चलित्राला ५० हर्ट्‌झ कंप्रतेच्या पुरवठ्यावर तो १,५०० फे./मि. येतो. प्रत्यक्ष वेग घसरणीमुळे याहून थोडा कमी असतो. कंप्रता बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनीय साधनाला कारखान्यात ड्राइव्ह म्हणतात. पुरवठ्याची कंप्रता व विद्युत् दाब ही साधारणतः एकाच प्रमाणात बदलून ड्राइव्ह चलित्राचा वेग हवा तसा राखतो.

या चालनाला दोन बाजूंनी मर्यादा पडतात. मूळ कंप्रतेच्या वर दाब आणखी वाढविता येत नाही. त्यामुळे वेग वाढला तरी शक्ती जवळजवळ स्थिर राहते आणि फिरविण्याचा जोर घटत जातो. उलटपक्षी अतिशय कमी वेगाला साध्या ड्राइव्हवर पुरेसा जोर मिळत नाही आणि चलित्राच्याच दंडावरील पंखा मंद फिरल्याने चलित्र तापते. मोठ्या व्यासावर मोठ्या अंतरालाचा आटा कापताना नेमका कमी वेग व जास्त जोर लागतो. म्हणून अनेक लेथमध्ये ड्राइव्हबरोबरच वेग उतरविणारी कप्प्यांची किंवा दंतचक्रांची एक पायरी ठेवलेली असते.

आज्ञावलीत एस या अक्षरापुढे वेगाचा आकडा लिहितात. एम ०३ ने स्पिंडल एका दिशेने व एम ०४ ने विरुद्ध दिशेने फिरतो, तर एम ०५ ने थांबतो. नियंत्रक हा आकडा बहुधा ० ते १० व्होल्ट या पल्ल्यातील दाबाच्या रूपाने किंवा अंकीय संदेशाने ड्राइव्हकडे पाठवितो. केवळ आज्ञा देऊन थांबणाऱ्या रचनेला खुले नियंत्रण म्हणतात. प्रत्यक्ष वेग मोजून, मागितलेल्या वेगाशी त्याची तुलना करून आज्ञेत दुरुस्ती करणाऱ्या रचनेला बंदिस्त नियंत्रण म्हणतात. स्पिंडलने मागितलेला वेग गाठल्याची खूण नियंत्रकाला मिळेपर्यंत हत्यार कामाला लागू न देणे ही चांगल्या रचनेची एक खूण आहे.

स्पिंडलची स्थिती मोजणे : आटे कापण्यासाठी वेग माहीत असणे पुरेसे नसते. त्या क्षणी स्पिंडल कोणत्या कोनात आहे हेही कळावे लागते. हे काम एन्कोडर करतो. त्यात समान अंतरावर रेषा असलेली एक चकती असते. ती फिरताना प्रकाशसंवेदी घटकांतून स्पंद निघतात. स्पंदांच्या दोन मालिका एकमेकींपासून पाव आवर्तनाने सरकलेल्या असल्यामुळे फिरण्याची दिशाही समजते आणि प्रत्येक रेषेमागे चार मोजण्या मिळतात. १,०२४ रेषांच्या चकतीपासून अशा रीतीने एका फेऱ्यात ४,०९६ मोजण्या होतात. २·५ मिमी. अंतरालाचा आटा कापताना एका मोजणीला हत्याराचे सु. ०·०००६ मिमी. सरकणे येते. याखेरीज तिसऱ्या मार्गावर एका फेऱ्यात एकदाच येणारा स्पंद असतो. त्याला सूचक स्पंद म्हणतात.

एन्कोडर स्पिंडलवर थेट बसवितात किंवा दातेरी पट्ट्याने एकास एक या प्रमाणात जोडतात. साधा पट्टा थोडा घसरतो. त्यामुळे अशा पट्ट्याने स्पिंडल फिरविणाऱ्या चलित्रावर बसविलेला एन्कोडर वेग दाखवू शकला, तरी आटे कापण्यास निरुपयोगी ठरतो. लहान लेथवर खर्च वाचविण्यासाठी केवळ सूचक स्पंद देणारा एकच संवेदक बसविलेला आढळतो. अशा यंत्राला फेऱ्याच्या आत वेगात झालेला बदल दिसत नाही. हत्यार कामात शिरताच स्पिंडल ५ टक्क्यांनी मंदावला व हत्यार जुन्याच गतीने सरकत राहिले, तर २·५ मिमी.चा अंतराल त्या फेऱ्यात सु. २·६३ मिमी. होतो. असा आटा नटात अडकून बसतो.

आटे कापण्याची क्रिया : साध्या लेथवर ६ मिमी. अंतरालाच्या लीड स्क्रूने २ मिमी. अंतरालाचा आटा कापावयाचा असल्यास दंतचक्रांचे प्रमाण एकास तीन ठेवतात, उदा., २० व ६० दात्यांची चक्रे. मेट्रिक लीड स्क्रूवर इंची आटे अचूक कापण्यासाठी १२७ दात्यांचे चक्र लागते, कारण एक इंच म्हणजे २५·४ मिमी. व पाच इंच म्हणजे १२७ मिमी. आटा एका कापात पुरा होत नाही. प्रत्येक वेळी हत्यार मागे आणून पुन्हा त्याच खाचेत शिरवावे लागते. लीड स्क्रूचा अंतराल आट्याच्या अंतरालाच्या पूर्ण पटीत नसल्यास अर्धनट कोणत्याही क्षणी लावून चालत नाही. कारागीर त्यासाठी तबकडीवरील खूण जुळण्याची वाट पाहतो. नाहीतर तो अर्धनट न सोडता संपूर्ण यंत्र उलटे फिरवून हत्यार मागे आणतो.

संगणक-नियंत्रित लेथवर तबकडीचे हे काम सूचक स्पंद करतो. हत्यार आरंभबिंदूवर थांबते, नियंत्रक सूचक स्पंदाची वाट पाहतो व तो येताच मोजणी शून्यापासून सुरू होते. त्यापुढे हत्याराचे स्थान काळावर अवलंबून नसते, स्पिंडलच्या कोनावर अवलंबून असते. आज्ञेतील आकड्याऐवजी स्पिंडलची प्रत्यक्ष गती प्रमाण मानली जाते. म्हणून कापाच्या ओझ्याने स्पिंडल थोडा मंदावला तरी हत्यारही तेवढेच मंदावते व अंतराल टिकून राहतो. एकेका कापासाठी जी ३२ किंवा जी ३३ ही आज्ञा वापरतात. सर्व काप एकाच ओळीत सांगणारे चक्र बहुधा जी ७६ या आज्ञेने मिळते. हे तंत्र आता केवळ मोठ्या उत्पादकांपुरते राहिलेले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रविद्या संस्थेत १९९० नंतरच्या दशकात सुरू झालेल्या प्रकल्पातून विकसित झालेली व सर्वांना मुक्त असलेली लिनक्ससीएनसी ही प्रणाली साध्या संगणकावरही असे समकालिक आटे कापू शकते.

वेग स्थिर ठेवण्याचे कारण : हत्यार स्पिंडलच्या मागोमाग जात असेल, तर आटे कापताना वेग कितीही बदलला तरी चालावे, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात तसे नाही. हत्यार सरकविणारी यंत्रणा अपेक्षित स्थान व प्रत्यक्ष स्थान यांच्यातील फरकावर चालते. त्यामुळे हत्यार नेहमी अपेक्षित स्थानाच्या किंचित मागे असते आणि ही पिछाडी सरकण्याच्या वेगाच्या प्रमाणात असते. समजा, दर मिनिटास एक मीटर वेगाला पिछाडी १ मिमी. आहे. २·५ मिमी. अंतरालाचा आटा ५०० फे./मि. वेगाने कापताना हत्यार १,२५० मिमी./मि. वेगाने सरकते व पिछाडी १·२५ मिमी. असते. सर्व काप याच वेगाने घेतल्यास प्रत्येक काप सारखाच मागे पडतो व खाच जुळते. परंतु पुढचा काप ७०० फे./मि. वेगाने घेतला, तर पिछाडी १·७५ मिमी. होते. म्हणजे हत्यार आधीच्या खाचेपासून ०·५ मिमी., अंतरालाच्या एक पंचमांशाने, बाजूला शिरते आणि आट्याची एक बाजू खरवडून टाकते. आधुनिक नियंत्रक ही पिछाडी पुष्कळ कमी करतात, तरी ती सर्वस्वी नाहीशी झाली असे गृहीत धरू नये.

यावरून काही नियम निघतात. आटे कापताना स्थिर पृष्ठवेग पद्धती वापरू नये, जी ९७ वापरावी. पहिल्या कापापासून शेवटच्या कापापर्यंत वेग बदलू नये. पुष्कळ नियंत्रक या काळात वेग कमीजास्त करण्याचे बटणच निष्प्रभ करतात. हत्याराला स्थिर गती गाठण्यासाठी आट्याच्या आरंभापूर्वी मोकळे अंतर द्यावे. ते साधारणतः अंतरालाच्या तिप्पट वा अधिक असावे व वेग जास्त असल्यास वाढवावे. तसेच हत्याराच्या सरकण्याच्या कमाल वेगाला अंतरालाने भागून येणाऱ्या संख्येपेक्षा स्पिंडलचा वेग कमी असावा. हत्यार ६,००० मिमी./मि. वेगाने सरकू शकत असेल, तर ३ मिमी. अंतरालासाठी २,००० फे./मि. ही अखेरची सीमा होय. व्यवहारात तिच्या बरेच खाली राहणे हितावह असते.

कापांची वाटणी : एम २० × २·५ या आट्याची बाहेरील खोली अंतरालाच्या ०·६१३४ पट, म्हणजे सु. १·५३ मिमी. असते. हत्याराचे टोक पाचरीसारखे असल्यामुळे ते जसजसे खोल जाते तसतसा कापाचा रुंदावा वाढतो. प्रत्येक काप सारख्याच खोलीचा घेतल्यास शेवटच्या कापांत ओझे फार वाढते व टोक तुटते. म्हणून काढल्या जाणाऱ्या धातूचे क्षेत्र सारखे राहील अशी वाटणी करतात. त्यासाठी एकूण खोली कापाच्या क्रमांकाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात ठेवतात. पहिला काप ०·४ मिमी. असल्यास चौथ्या कापाअखेर खोली ०·८ मिमी., नवव्याअखेर १·२ मिमी. होते आणि सु. पंधरा कापांत आटा पुरा होतो. हत्यार सरळ आत न घालता आट्याच्या एका उतारालगत तिरपे घातल्यास बहुतेक कापणे एकाच धारेने होते. त्यामुळे चिपा सुटसुटीत निघतात व कंप कमी होतो. अखेरीस खोली न वाढविता एकदोन काप घेतल्याने लवचिकतेमुळे राहून गेलेला धातू निघून जातो.

बहुमुखी आट्यांत एकाशेजारी एक अशा दोन किंवा अधिक खाचा असतात. दोन खाचांच्या आट्यासाठी हत्यार एका फेऱ्यात अंतरालाच्या दुप्पट सरकवितात आणि दुसरी खाच सूचक स्पंदापासून १८०° पुढे सुरू करतात. टॅपने आतील आटे पाडताना स्पिंडल थांबून उलटा फिरेपर्यंत अक्षगतीला त्याच्याशी जखडून राहावे लागते. हा मेळ नसलेल्या यंत्रावर टॅप लांबीच्या दिशेने थोडा पुढेमागे होऊ देणाऱ्या धारकात बसवितात.

दोष व दक्षता : प्रत्येक कापाला खाच सरकत असल्यास सूचक स्पंद निसटणे, विद्युत् गोंधळामुळे स्पंद चुकीचे मोजले जाणे किंवा एन्कोडरचा पट्टा सैल असणे ही कारणे संभवतात. आट्याचे पहिले दोनतीन फेरेच चुकत असल्यास आरंभीचे मोकळे अंतर अपुरे समजावे. आटा कापला जात असताना विराम देण्याचे बटण दाबले तरी बहुतेक यंत्रे चालू काप पूर्ण करूनच थांबतात, हे नवशिक्याने ध्यानात ठेवावे. संकटात तातडीचे थांबा-बटण दाबण्यास मात्र कचरू नये, मग आटा व हत्यार वाया गेले तरी चालतील. अर्धवट आट्याचे काम चकमधून काढल्यास त्याचा कोन हरवतो व पुन्हा तीच खाच पकडणे अवघड होते. म्हणून आटा मापकाने तपासल्यावरच काम सोडवावे.

कारागिराचे स्थान : संख्यात्मक नियंत्रणाबरोबरच युद्धोत्तर काळात अमेरिकेत दुसरीही एक पद्धती पुढे आली होती. तीत निष्णात कारागिराने पहिले काम करताना झालेल्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवून त्या यंत्राकडून पुनःपुन्हा करवून घेत. ही पद्धती मागे पडण्यास तांत्रिक कारणांइतकेच कारखान्यातील अधिकार व्यवस्थापनाकडे ठेवण्याचे धोरण कारणीभूत होते, असे मत डेव्हिड नोबल यांनी फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन (१९८४) या ग्रंथात मांडले आहे. हे मत वादग्रस्त मानले, तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. भारतात लेथच्या निर्मितीचा पाया हरिहर येथील म्हैसूर किर्लोस्कर (१९४१) व बंगलोर येथील हिंदुस्थान मशीन टूल्स (१९५३) यांसारख्या कारखान्यांनी घातला. पुणे-कोल्हापूर परिसरात यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या असंख्य लहान कारखान्यांतही आता संगणक-नियंत्रित लेथ रुळले आहेत. तेथे अर्धनट नेमक्या क्षणी लावण्याचे हस्तकौशल्य मागे पडले आहे. परंतु कोणता वेग निवडावा, मर्यादा किती ठेवावी, कापाच्या आवाजावरून काय ओळखावे आणि यंत्र केव्हा थांबवावे, हा विवेक आजही कारागिराकडेच राहिला आहे. यंत्र लिहिलेला आकडा निमूटपणे पाळते. तो आकडा सुरक्षित आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी तो लिहिणाऱ्याची असते.